पंच्याऐंशी अंश कुणी मोजलेच नव्हते

जानेवारीतली रात्र. साडेदहा वाजून गेले होते, गाव निजलं होतं आणि काकाजींचा फोन आला. "अरे बाबू, हे तं पंच्याऐंशी दाखवून राह्यलं! कापूस पेटला का काय?"

काकाजींच्या घरची मागची खोली तेव्हा आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. आमच्या हिंगणघाटच्या पट्ट्यात भाव वाढायची वाट पाहत घरोघरी अशी एक खोली भरलेली असते. त्यातला थोडा माल दहिवरात वेचलेला, म्हणून ओलसर. असा ओला कापूस दाबून भरला की आतल्या आत गरम होतो. सरकी श्वास घेते, बुरशी धरते, रुई पिवळी पडते. म्हणून मी त्यांच्या ढिगात तीन ठिकाणी तापमानाचे सेन्सर खुपसून दिले होते आणि ते रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला जोडले होते. दर दहा मिनिटांनी आकडा काकाजींच्या मोबाइलवर जायचा. रोजचे आकडे अठरा, एकोणीस, फार तर तेवीस. आणि आता एकदम पंच्याऐंशी.

आम्ही पाच-सहा जण धावलो. दोघांनी बादल्या भरून आणल्या. काकाजींनी खांद्यापर्यंत हात ढिगात घातला आणि क्षणभर तसेच थांबले. "इथं तं थंडगार हाय गा." मग मीही हात घातला. थंडगारच होतं. मोबाइल मात्र पंच्याऐंशीवर ठाम.

त्या रात्री पंच्याऐंशी अंश कुणी मोजलेच नव्हते. तरी आकडा आला, व्यवस्थित आला, वाटेत त्यात काही बिघाडही झाला नव्हता. हे कसं घडतं ते समजायचं तर ढिगातल्या उबेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंतची वाट पायी चालावी लागते. त्या वाटेवर मधोमध ड्रायव्हर नावाचा एक छोटासा प्रोग्राम बसलेला असतो. आकडा देणं त्याला सोपं असतं. आकडा केव्हा देऊ नये हे ओळखणं अवघड, आणि त्याची खरी पारख तिथं होते, असं माझं त्या रात्रीपासूनचं मत आहे.

सेन्सरला अंश कळत नाहीत

खरेदी केंद्रावर कापसाच्या गाडीत ओलाव्याचं मीटर खुपसतात ते विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर माल परत. पण ते मीटर पाणी मोजत नाही. कापूस विजेला किती अडवतो ते मोजतं आणि त्यावरून टक्के काढतं. मोजलं एक, सांगितलं दुसरं; मधला हिशेब मीटरच्या पोटात.

संगणकातला सेन्सरही असाच. प्रोसेसरमध्ये तो बहुधा सिलिकॉनचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग असतो. डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक दिसतो. डायोड एका अंशानं तापला की हा फरक सुमारे २ मिलिव्होल्टनं कमी होतो. सगळी विद्या एवढ्यावर उभी आहे. शेजारचं सर्किट हा व्होल्टेज मोजतं, त्याचा एक पूर्णांक बनवतं आणि रजिस्टरमध्ये ठेवतं. रजिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायतीतली जाड वही येते. चिपमधलं रजिस्टर म्हणजे आठ, सोळा किंवा बत्तीस खाचांची एक ओळ, आणि प्रत्येक खाचेत शून्य किंवा एक.

एलएम७५ नावाची एक जुनी, स्वस्त, आजही भरपूर वापरली जाणारी चिप घ्या. तिच्या रजिस्टरमध्ये नऊ खाचांचा आकडा असतो आणि त्यातला प्रत्येक एकांक म्हणजे अर्धा अंश. रजिस्टरमध्ये ५० असेल तर तापमान २५ अंश. ९४ असेल तर ४७ अंश, म्हणजे आपला मे महिना. नववी खाच उणे चिन्हासाठी राखलेली असते. ती बघायला विसरलं तर शून्याखाली अर्धा अंश असलेलं शीतगृह २५५.५ अंश सांगू लागतं. चिप बरोबर बोलली, ऐकणाऱ्यानं चुकीचं ऐकलं.

हे ऐकणं ड्रायव्हरचं काम. कोणत्या चिपचा एकांक अर्ध्या अंशाचा, कोणत्या चिपचा सोळाव्या हिश्शाचा, उणे चिन्ह कुठे, किती वेळानं विचारायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. एक ड्रायव्हर एका चिपची किंवा एका घराण्यातल्या चिपांची भाषा जाणतो. बाकी साऱ्या संगणकाला ती भाषा येत नाही आणि यायची गरजही पडत नाही.

फाइल, जी डिस्कवर कुठेच नाही

आपण वापरतो ते प्रोग्राम, ब्राउझर म्हणा, गाणी वाजवणारं ॲप म्हणा, यांना चिपपर्यंत थेट जाण्याची मुभा नसते. ती मुभा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला असते. ड्रायव्हर त्या गाभ्यात राहून काम करतो. मग त्याला कळलेला आकडा बाहेर कसा येतो?

लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमनं यासाठी साधी युक्ती काढली. आकडा फाइल म्हणून दाखवायचा. 'सिस' नावाच्या फोल्डरात 'क्लास', त्यात 'एचडब्ल्यूमॉन', म्हणजे हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची वस्ती. तिथं प्रत्येक चिपला एक खोली. खोलीत 'नेम' नावाच्या फाइलमध्ये चिपचं नाव, 'टेम्प१_इनपुट' मध्ये आत्ताचं तापमान, 'टेम्प१_मॅक्स' मध्ये कमाल मर्यादा, 'टेम्प१_क्रिट' मध्ये धोक्याची मर्यादा, 'टेम्प१_लेबल' मध्ये हा सेन्सर कशावर बसलाय ते.

मी पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा मला वाटलं होतं, संगणक दर सेकंदाला त्यात आकडा लिहीत असेल. तसं नाही. ती फाइल डिस्कवर कुठेच नसते. तुम्ही ती वाचायला घेता त्या क्षणी कर्नल ड्रायव्हरला हाक मारतो, ड्रायव्हर चिपचं रजिस्टर वाचतो, हिशेब करतो आणि उत्तराचे आकडे तुमच्या हातात ठेवतो. वाचणं हेच विचारणं. तलाठ्याच्या खिडकीवर जाऊन उतारा मागितल्यावर तो तिथल्या तिथं लिहून द्यावा, तसं. मला ही रचना फार आवडते, कारण एखाद्या पोराला शिकवायची तर वेगळं काही शिकवावं लागत नाही. फाइल वाचता येते ना? मग तापमान वाचता येतं.

मात्र दर वेळी चिपपर्यंत जाणं परवडतंच असं नाही. एलएम७५ सारखी चिप संथ तारेवरून बोलते आणि नवा आकडा तयार व्हायला तिला वेळ लागतो. पाच प्रोग्रामनी एकाच वेळी विचारलं तर पाचदा जाण्यात अर्थ नाही. म्हणून अनेक ड्रायव्हर ताजा आकडा सेकंद-दीड सेकंद जवळ ठेवतात आणि तेवढ्या वेळात कुणी विचारलं तर तोच देतात.

एक छोटी पण पुष्कळांना फसवणारी गोष्ट इथंच सांगून टाकतो. या खोल्यांना क्रमांक असतात, शून्य, एक, दोन. ते क्रमांक संगणक पुन्हा सुरू केला की बदलू शकतात, कारण जो ड्रायव्हर आधी जागा होईल त्याला आधीचा क्रमांक. तेव्हा प्रोग्राम लिहिताना क्रमांकावर भिस्त ठेवू नये, 'नेम' फाइलमधलं नाव वाचून खोली शोधावी.

चार एकर आणि एक हेक्टर बासष्ट आर

'टेम्प१_इनपुट' उघडली की ४५ दिसत नाही, ४५००० दिसतं. पाहणारा दचकतो. हे मिलिअंश आहेत, अंशाचा हजारावा भाग. ४५.५ सांगायचं तर ४५५००.

दशांश चिन्ह टाळण्यामागे कारण आहे. दशांशाच्या गणितासाठी प्रोसेसरची वेगळी रजिस्टरं लागतात आणि त्यांत त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामचा ऐवज ठेवलेला असतो. कर्नलला ती वापरायची तर आधी तो ऐवज बाजूला काढायचा, काम झालं की जसाच्या तसा परत लावायचा. सेकंदाला हजारदा होणाऱ्या कामात हे महाग पडतं. म्हणून कर्नलमध्ये पूर्णांकातच हिशेब करायची शिस्त आहे. लहान एकक घ्यायचं म्हणजे अपूर्णांकाची गरजच उरत नाही. आपणही सव्वा किलो न म्हणता साडेबाराशे ग्रॅम म्हणू शकतो, तसंच.

पण सगळ्यांनी एकच एकक घेतलं असतं तर किती बरं झालं असतं! संगणकाच्या मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर एसीपीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं तापमान सांगतं ते केल्विनच्या दहाव्या भागात. म्हणजे ४५ अंशांसाठी ३१८२. दहानं भागा, २७३.१५ वजा करा, ४५.०५ येतात. विंडोजमध्ये खोलात जाऊन हे तापमान विचारलं तर याच एककात मिळतं, आणि अजाण माणसाला वाटतं की संगणक तीन हजार अंशांवर उकळतोय. ओपनबीएसडी नावाच्या सिस्टीमचे ड्रायव्हर आतल्या आत केल्विनचा दहा लाखावा भाग वापरतात; तिथं ४५ अंश म्हणजे ३१,८१,५०,०००. अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीचं तापमान सेल्सिअसच्या दहाव्या भागात येतं, ४५० असं.

सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर लिहिलेलं असतं आणि वावराचा धनी त्याला चार एकर म्हणतो. वावर तेवढंच. पण कुणी उताऱ्यावरचा आकडा एकर समजून बियाण्याच्या पिशव्या मोजल्या तर पेरणी अर्ध्यावर थांबेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं आणि ड्रायव्हरकडून आकडा घेणाऱ्यानं पहिली गोष्ट विचारायची ती हीच, की एकक कोणतं?

विहिरीच्या काठापासून किती हात

इंटेलच्या प्रोसेसरांची तऱ्हा वेगळी आहे, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते.

उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती, असं विचारलं तर गावातला माणूस "काठापासून चाळीस हात खाली" असं सांगतो. तळापासून किती उंच आहे ते तो सांगत नाही, कारण त्याला दोर सोडून तेच मोजता येतं. इंटेलचा सेन्सर अगदी असंच बोलतो. प्रोसेसरची एक कमाल मर्यादा ठरलेली असते, पुष्कळदा १०० अंश. सेन्सर फक्त एवढं सांगतो की आपण त्या काठापासून किती अंश खाली आहोत. ३८ आलं तर १०० मधून ३८ वजा, म्हणजे ६२ अंश. शून्य आलं तर पाणी काठाला लागलं.

ही वजाबाकी 'कोअरटेम्प' नावाचा ड्रायव्हर करतो. आता विचार करा, काठच किती उंचीवर आहे ते ठाऊक नसेल तर? जुन्या प्रोसेसरांमध्ये ही कमाल मर्यादा वाचता येण्याजोगी कुठे लिहिलेलीच नव्हती. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मॉडेल पाहून अंदाज बांधावा लागायचा, ८५, ९० की १००. अंदाज पंधरानं चुकला तर पडद्यावरचं तापमान पंधरानं चुकलं, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. पुढच्या पिढ्यांत ही मर्यादा प्रोसेसरच्याच एका रजिस्टरमध्ये लिहिलेली येऊ लागली, तेव्हा हा घोर मिटला.

काठावरून मोजण्याचा आणखी एक परिणाम आहे. हे सेन्सर काठाजवळ नेमके असतात, कारण तिथं चूक परवडत नाही. काठापासून दूर, म्हणजे प्रोसेसर थंड असताना, त्यांचा आकडा ढिला पडतो. डिसेंबरच्या पहाटे संगणक नुकताच सुरू केलाय आणि प्रोसेसर खोलीपेक्षाही थंड असल्याचं दिसतंय, असं होऊ शकतं. तेव्हा घाबरू नये आणि त्या आकड्यावर पैजही लावू नये. उलटं मोजण्याची रीत तशी जुनीच. १७४२ साली अँडर्स सेल्सिअसनं आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळतं तिथं शून्य आणि गोठतं तिथं शंभर होते. लोकांनी ती नंतर सुलट केली.

एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या काही प्रोसेसरांची गोष्ट याहून अवघड. २०१७ साली आलेल्या रायझन ७ १८०० एक्स आणि १७०० एक्स या प्रोसेसरांचं रजिस्टर मुद्दाम २० अंश चढवून सांगायचं. निरनिराळ्या मॉडेलांचे पंखे एकाच नियमानं फिरावेत म्हणून कंपनीनं तशी योजना केली होती. पंख्यासाठी तो आकडा ठीक. माणसासाठी दिशाभूल. लिनक्सच्या 'के१०टेम्प' ड्रायव्हरमध्ये मग अशा मॉडेलांची यादी घालावी लागली. मॉडेल ओळखायचं आणि ठरलेला फरक वजा करायचा. रजिस्टरमधला आकडा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे यातून लख्ख दिसतं. तो कुणीतरी, काहीतरी हेतूनं तिथं ठेवलेला असतो, आणि तो हेतू ड्रायव्हरला माहीत असावा लागतो.

नवतप्यातले पंच्याऐंशी

आता माझ्या स्वतःच्या संगणकाबद्दल. माझं फॉर्म भरून द्यायचं छोटं केंद्र आहे, वर टिन, समोर रस्ता, दोनशे पावलांवर जिनिंग, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारा कारखाना. हिवाळ्यात खोलीत २० अंश असताना भरपूर काम दिलं की माझा प्रोसेसर ६२ वर जातो. म्हणजे खोलीपेक्षा ४२ अंश जास्त. ही ४२ ची चढण बरीचशी कायम राहते, कारण प्रोसेसर ओकतो ती उष्णता तेवढीच आणि ती बाहेर फेकणारा पंखा तोच. बदलतो तो पाया. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले, टिनाखाली ४३ अंश झाले, की त्याच कामाला तोच प्रोसेसर ८५ वर. हे पंच्याऐंशी मात्र खरे.

पुण्या-मुंबईकडे लिहिलेल्या सल्ल्यांत "प्रोसेसर सत्तरच्या वर जाऊ देऊ नका" असं वाचून आमची पोरं धास्तावतात. त्यांना मी सांगतो, आधी खोलीचं तापमान लिहा, मग प्रोसेसरचं, आणि दोन्हींतला फरक बघा. पेपरात चंद्रपूर ४६, ब्रह्मपुरी ४६ असं छापून येतं ते सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या हवेचं तापमान. टिनाखालच्या टेबलावरचं ते नव्हे. सेन्सर कुठे बसलाय ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. मदरबोर्डवरचा सेन्सर ५० सांगतो आणि प्रोसेसरमधला ८५, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

दोन वर्षांपूर्वी त्याच दिवसांत संगणक रेंगाळू लागला. पान उघडायला मिनिट. समोर खताच्या, शाळेच्या, दाखल्याच्या कामाला आलेली माणसं उन्हातून येऊन बसलेली, आणि सगळ्यांचं एकमत, नेट गेलं. मी 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली. १०० अंश. मर्यादा १००. पाणी काठाला लागलेलं होतं. प्रोसेसर स्वतःहून आपला वेग तोडून काम करत होता. हे तो ड्रायव्हरला न विचारता करतो. वेग तोडूनही तापत राहिला तर आणखी वरच्या मर्यादेला हार्डवेअरच वीज तोडतं आणि संगणक धाडकन बंद पडतो. ड्रायव्हर नसला तरी प्रोसेसर जळत नाही, हे लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. ड्रायव्हर असला की निदान कारण कळतं.

खोके उघडले तर पंख्याच्या मागे उष्णता शोषणाऱ्या पात्यांवर रुईच्या तंतूंचा नमद्यासारखा थर. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे तंतू पंखा ओढून घेत होता आणि पात्यांवर चढवत होता. मऊ ब्रशनं तो काढला, फुंकून घेतलं. खोली तीच ४३, प्रोसेसर ८४. चढण ५७ वरून ४१ वर आली.

कापसाच्या खोलीकडे परत

काकाजींच्या ढिगातले सेन्सर डीएस१८बी२० जातीचे. स्टीलच्या नळीत बंद, पाणी लागलं तरी चालतात, तीन तारा: विजेची, ग्राउंडची आणि बोलण्याची. एकाच बोलण्याच्या तारेवर असे अनेक सेन्सर बसवता येतात, कारण प्रत्येकाला कारखान्यातच ६४ खाचांचा वेगळा क्रमांक दिलेला असतो. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतात, आणि उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत खरे. यांचा एक एकांक म्हणजे अंशाचा सोळावा हिस्सा. १९ अंशांना रजिस्टरमध्ये ३०४.

यांच्याकडून आकडा घेणं दोन टप्प्यांचं काम आहे. ड्रायव्हर आधी हुकूम देतो, मोज. सेन्सरला पूर्ण बारकाव्यानं मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढं थांबून ड्रायव्हर दुसरा हुकूम देतो, सांग. मग सेन्सर नऊ बाइटांची एक चिठ्ठी पाठवतो; एक बाइट म्हणजे आठ खाचा. पहिल्या दोन बाइटांत तापमान, शेवटच्या बाइटात पडताळ्याचा आकडा. ड्रायव्हर पहिल्या आठ बाइटांवरून तो पडताळा स्वतः काढून बघतो. जुळला तर फाइलच्या पहिल्या ओळीच्या शेवटी 'येस', नाही जुळला तर 'नो'. दुसऱ्या ओळीत तापमान, मिलिअंशात.

माझा प्रोग्राम 'येस' पाहायचा आणि आकडा पुढे पाठवायचा. त्या रात्रीही 'येस'च होतं. ८५०००, आणि पडताळा अगदी बरोबर.

सेन्सरला वीज मिळाल्याबरोबर, काहीही मोजण्याआधी, त्याच्या रजिस्टरमध्ये एक ठरलेला आकडा असतो. कारखान्यानं तो १३६० ठेवलाय. सोळानं भागा. पंच्याऐंशी.

विजेच्या तारेचा सांधा मी डाग न देता नुसता पीळ घालून, वर टेप गुंडाळून केला होता. कुणीतरी ढिगावर आणखी दोन गाठोडी टाकली, तार ताणली गेली आणि सांधा सुटला. पण हे सेन्सर बोलण्याच्या तारेवरून मिळणाऱ्या जुजबी विजेवरही तग धरू शकतात. तेवढ्या विजेवर बोलता येतं, मोजता येत नाही. मोजायला जोर लागतो. 'मोज' म्हटलं की बिचाऱ्याचा दम संपायचा, तो नव्यानं जागा व्हायचा, आणि 'सांग' म्हटलं की जागा होताना हातात असलेला आकडा इमानदारीनं सांगायचा. चिठ्ठी वाटेत फाटली नव्हती, म्हणून पडताळा जुळत होता. पडताळा चिठ्ठीच्या प्रवासाची हमी देतो. चिठ्ठीत काय लिहिलंय त्याची देत नाही.

मग इथं ड्रायव्हरनं काय करायला हवं? ८५ दिसला की टाकून दे, असं म्हणता येत नाही. हाच सेन्सर कुणी गुऱ्हाळाच्या कढईला लावेल, तिथं ८५ अंश खरोखर येतात. ड्रायव्हरला माहीत नसतं की आपण कापसात आहोत की काहिलीत. त्यानं चिपबद्दलच्याच पुराव्यावर निर्णय करायचा. आणि तसा पुरावा चिठ्ठीत सापडतो. तापमानाव्यतिरिक्तच्या बाइटांपैकी एक असा आहे की वीज आल्यावर त्यात ठरलेला आकडा असतो. मोजणी झाल्यानंतरही तो जागच्या जागी असेल आणि तापमान नेमकं ८५.०० असेल, तर मोजणी झालीच नाही असं मानायला जागा आहे. लिनक्सच्या या ड्रायव्हरमध्ये ही तपासणी आता चालू करता येते. चालू केली की अशा वेळी फाइल वाचताना आकड्याऐवजी चूक हाती येते. बारा वाजता मी जाऊन ती चालू केली.

चूक हाती येणं हे नवख्याला अपयश वाटतं. मला ती ड्रायव्हरची सगळ्यात मोलाची सेवा वाटते. दुसरे मार्ग काय आहेत बघा. मोजता आलं नाही म्हणून शून्य द्यावा, तर पंखा चालवणारा प्रोग्राम समजणार की प्रोसेसर गार आहे आणि पंखा मंद करणार, नेमका नको तेव्हा. शेवटचा बरा आकडा देत राहावा, तर ढीग तापत असताना मोबाइल रात्रभर एकोणीस म्हणत राहणार. दोन्हींत वाचणाऱ्याकडे आकडा असतो आणि खात्रीही असते. लिनक्समध्ये चूक झाली हे कळवायला ठरलेले संकेत आहेत, आणि सेन्सरची तारच तुटली असेल तर सांगायला 'टेम्प१_फॉल्ट' नावाची वेगळी फाइलही. ओपनबीएसडीमध्ये तर प्रत्येक सेन्सरच्या नोंदीसोबत त्याची अवस्था ठेवायची सोय आहे: ठीक, इशारा, धोका किंवा अज्ञात.

ड्रायव्हरनं स्वतःच्या चिपपुरतं पाहिलं की उरलेलं शहाणपण माझ्या प्रोग्रामचं. दहा मिनिटांत कापसाचा ढीग १९ वरून ८५ वर जाऊ शकत नाही. खरंच तापला असता तर पंचवीस, तीस, चाळीस असे टप्पे आधी दिसले असते. शेजारचे दोन सेन्सर १९ आणि २० सांगतच होते. हे मी आधी पाहायला हवं होतं. आता प्रोग्राम तिघांची तुलना करतो, चढण्याचा वेग पाहतो आणि ड्रायव्हरकडून चूक आली तर मोबाइलवर आकडा पाठवतच नाही. तिथं 'माहिती नाही' असे दोन शब्द जातात. सांध्यांना मी डाग दिला आणि वर आक्रसणारी नळी चढवली.

फेब्रुवारीत एकदा काकाजींचा पुन्हा फोन आला, या वेळी संध्याकाळी. "दोन नंबरवाला माहिती नाही म्हणते. मी हात घालून पाह्यला, गरम नाही लागत. तू सवडीनं ये." दुसऱ्या दिवशी गेलो. तार उंदरानं कुरतडली होती.